पडताळ्याची ओळ

गठ्ठ्यातली पहिलीच उत्तरपत्रिका उघडली, तिसऱ्या पानावर ती ओळ दिसली आणि मी मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई!"

आमचे हे पलंगावर पडून वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "काय झालं? पैकीच्या पैकी पडले की काय कुणाला?"

"नाही हो. आमच्या दुधाटे सरांचं लेकरू सापडलं."

मार्चअखेरची दुपार होती. सेलूतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी जेवायच्या टेबलावर बारावीच्या रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिका मांडून बसले होते. परीक्षक म्हणून माझं ते चौथं वर्ष. उत्तरपत्रिकेवर ना मुलाचं नाव असतं ना कॉलेजचं, नुसता क्रमांक. पोरगं कुठल्या गावचं ते परीक्षकाला कळायला मार्ग नसतो, आणि नसावाच. मला मात्र कळलं. सबंध पेपर इंग्रजीत होता आणि गणिताखाली एकच ओळ मराठीत होती : ‘पडताळा – तापमान केल्विनमध्येच हवे.’

अशी ओळ लिहायला लावणारा माणूस माझ्या माहितीत एकच. करडगव्हाणच्या ज्युनिअर कॉलेजातले विठ्ठलराव दुधाटे सर. मी त्यांचीच विद्यार्थिनी. अकरावीला गेलं की विज्ञान सगळं इंग्रजीत, आणि आमच्या इंग्रजीचा तर आनंदीआनंद होता. सर म्हणायचे, "गणित इंग्रजीत सोडवा, त्याला इलाज नाही. पण उत्तर आलं की खाली एक ओळ आपल्या भाषेत लिहायची. हे उत्तर खरं असू शकतंय का, एवढंच. ज्या भाषेत घरी भांडता, त्या भाषेत लिहा. इंग्रजीत माणूस सोताला लवकर फसवतोय." ती ओळ नसली तर अख्खं गणित बरोबर असूनही सर शून्य द्यायचे. बोर्डात त्या ओळीला अर्धा गुणही मिळत नाही, हे आम्ही त्यांना सांगून दमलो होतो.

मी एकदा त्या ओळीपायी वर्गापुढं चांगलीच फजीत झाले होते. हायड्रोक्लोरिक आम्लाचं अतिशय पातळ द्रावण, दहाच्या उणे आठव्या घाताचं. त्याचा पीएच काढायचा. मी फळ्यावर सूत्र लिहिलं, झटक्यात उत्तर काढलं, आठ. आणि पडताळ्याच्या ओळीला येऊन थबकले. सातच्या खाली आम्ल आणि सातच्या वर अल्क, हे दहावीच्या पोरालाही पाठ असतं.

"लिही ना," सर मागच्या बाकावरून म्हणाले. "आम्लात पाणी वतलं, अजून वतलं, अजून वतलं, आन् शेवटी त्याचा चुना झाला, असं लिही. उद्या घर रंगवायला कामाला येईल."

वर्ग हसून लोळायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून ते फळ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आम्ल मोजलंस, पण पाण्याचं सोताचं काही आसतं का नाही? ते धरायचं राहिलं." ते धरलं की उत्तर येतं सहा पूर्णांक अठ्ठ्याण्णव. सातच्या जेमतेम खाली. त्या दिवसापासून ते गणित मी झोपेतही चुकले नाही.

माझे वडील बारावीनंतर माझं लग्न उरकून टाकणार होते. सर चार संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. पाचव्या संध्याकाळी वडीलच म्हणाले, "सर, आता यायचं ऱ्हाऊ द्या, शिकवतो पोरीला." मी आज जी काही आहे ती त्या चार संध्याकाळींमुळं. हे आधी सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी जे केलं ते निदान समजेल.

तर ती पहिली उत्तरपत्रिका. गणित सोपं होतं. दोन मोल आदर्श वायू, सत्तावीस अंश सेल्सिअसला, दहा लिटरवरून वीस लिटरपर्यंत फुगला, कार्य किती झालं? तापमानात दोनशे त्र्याहत्तर मिळवून तीनशे केल्विन घ्यायचे, उत्तर येतं उणे तीन हजार चारशे अठ्ठावन्न ज्यूल. या पठ्ठ्यानं सत्तावीस तसेच ठेवून दिले होते आणि उत्तर आणलं होतं उणे तीनशे अकरा. आणि खाली काय, तर तापमान केल्विनमध्येच हवे! मला हसू आलं. ओळ लिहिली, पण वाचली नाही गाढवानं. पुढच्या पानावर तेच माझं जुनं पीएचचं गणित. उत्तर आठ. खाली : ‘पडताळा – आम्ल आहे, म्हणजे सातपेक्षा कमी हवा.’

दुसरी उत्तरपत्रिका उघडली. उणे तीनशे अकरा. पडताळा. आठ. पडताळा.

तिसरीतही तेच. चौथीत तर पहिलं गणित संपल्यावर त्या बहाद्दरानं ‘पान उलटा’ असंही उतरवून काढलं होतं. तेव्हा माझं हसू कुठल्या कुठं गेलं. कुणीतरी कागदावर उत्तरं लिहून दिली होती, तो कागद वर्गात फिरला होता आणि पोरांनी शाईचा ठिपकासुद्धा न गाळता तो उतरवला होता. गठ्ठ्यात एकतीस उत्तरपत्रिका होत्या. एकतीसच्या एकतीस तशाच निघाल्या.

मी उठून माठातलं पाणी प्यायले, परत येऊन बसले, परत उठले. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"काय गं?"

मी सगळं सांगितलं. हे बँकेतले, त्यांना रसायनशास्त्राशी घेणंदेणं नाही, पण नियम म्हटलं की लगेच कळतं. "मग वरती कळवायचं ना? तुमचा नियम असेलच काहीतरी."

"आहे ना. सारखी चूक, सारखे शब्द दिसले की गठ्ठा वेगळा काढायचा आणि आमच्यावरच्या तपासनीसाला, मॉडरेटरला लेखी द्यायचं. मग बैठक क्रमांकावरून केंद्र निघतं, चौकशी लागते."

"मग दे."

"सर दोन महिन्यांनी रिटायर होतायत हो."

यांनी पुन्हा वर्तमानपत्र उचललं, पण पान काही उलटलं नाही.

सरांनी असं केलंच कसं, याचा मी फार विचार केला नाही. करडगव्हाणचे संस्थाचालक भाऊसाहेब कसे आहेत ते पंचक्रोशीला ठाऊक होतं. बसवलं असेल दमात घेऊन. मी विचार केला तो एकाच गोष्टीचा, की सर चुकले कसे? ज्या गणितावरून मला चुन्याचा डबा दिला, तेच गणित? मग मीच माझी समजूत घातली. वय झालं, हात थरथरला असेल, कुणीतरी डोक्यावर उभं असेल, घाई असेल. मला त्यांची दया आली. आपल्या गुरूची दया यायला लागली की समजावं, आपण जरा जास्तच शहाणे झालो. पण तेव्हा आली खरी.

मी लाल पेन घेतलं आणि पडताळ्याच्या ओळी खोडायला लागले. गैरलागू मजकुरावर परीक्षक रेघ मारतो, त्यात कुणाला काही खटकत नाही. पण मी साधी रेघ मारली नाही. अक्षर वाचता येऊ नये अशी गिरवून खोडली. ‘पान उलटा’सुद्धा सोडलं नाही. एका उत्तरपत्रिकेत दोन ओळी, एकतीस उत्तरपत्रिकांत बासष्ट. मग गुण कमीजास्त केले. एकाला सूत्राचा अर्धा दिला, दुसऱ्याला किंमती नीट भरल्याचा एक दिला, तिसऱ्याला काहीच नाही. सगळ्यांचं सारखं दिसू नये एवढंच बघितलं. संध्याकाळपर्यंत बोटांना लाल शाई लागली होती. हात धुतले आणि वरणाला फोडणी दिली.

दोन दिवसांनी परभणीला मॉडरेटर पांगरकर सरांकडे गठ्ठा घेऊन गेले. माणूस सज्जन, पण नजर बारीक. त्यांनी मधल्याच चार-पाच उत्तरपत्रिका उपसल्या.

"खंदारे मॅडम, आठच काढलाय की हो सगळ्यांनी."

"दरवर्षी काढतात सर. पाण्याचं धरायचं कुणाच्या ध्यानात असतं?"

"तेही खरंय. आणि हे सत्तावीस?"

"केल्विन करायला विसरतात."

"खोडाखोड बरीच केलीत तुम्ही."

"काहीबाही लिहून ठेवतात सर पोरं. देवाचं नावसुद्धा लिहितात."

ते हसले. त्यांनी सही केली. मी बाहेर येऊन बसस्टँडवर उसाचा रस प्यायले आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. त्या चार संध्याकाळींची परतफेड झाली असं वाटलं.

जूनमध्ये निकाल लागला. करडगव्हाणचा विज्ञान शाखेचा निकाल शंभर टक्के. भाऊसाहेबांनी चौकात फलक लावला, त्यावर स्वतःचा फोटो मोठा आणि सरांचा लहान. सरांचा निरोप समारंभ त्याच कौतुकात उरकून घेतला होता. मला काही जायला जमलं नव्हतं. आठवडाभरानं मी एसटीनं गेले. नुसती भेट घ्यायची होती असं यांना सांगितलं. खरं सांगायचं तर मला ते सरांना सांगायचं होतं. त्यांना कळावं, त्यांनी पाठीवरून हात फिरवावा, असं वाटत होतं. चाळिशीला आलेली बाई मी, पण वाटत होतं.

काकूंनी दार उघडलं. आत घेता घेता हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलीस माय. तूच बोल त्यांच्याशी. महिना झाला, धड जेवत न्हाईत, कुणाशी बोलत न्हाईत. सत्काराची शाल अजून पिशवीतच हाय."

सर मधल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. दाढी वाढलेली. मला पाहून मात्र चेहरा जरा उजळला.

"ये रुक्मीण. कशानं आलीस? एसटीनं? पोरं बरी हायेत?"

चहा झाला. काकू आत गेल्या. मी खुर्ची पुढं ओढली.

"सर, तुमच्या केंद्राचा गठ्ठा माझ्याकडं आला होता."

ते एकदम ताठ बसले. "तुझ्याकडं?"

"होय सर. एकतीस उत्तरपत्रिका."

"मग?"

त्यांचा तो ‘मग’ मला भीतीचा वाटला. मी घाईघाईनं म्हणाले, "काळजी करू नका. मी कुणाला कळू दिलं नाही."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "पडताळा वाचलास का?"

"वाचला की. त्याच्यावरूनच तर ओळखलं. म्हणून सगळा खोडला. बासष्ट ओळी खोडल्या सर, एक ठेवली नाही."

सरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"रुक्मीण, त्या गणिताचं उत्तर मी आठ लिहीन का?"

"घाईत झालं असेल सर. होतं कधी कधी."

"घाईत येक चूक होतीय. दोन्ही गणितं चुकली, आन् दोन्हीच्या खाली काय चुकलंय ते बरोबर लिहिलं. घाईत होतंय का आसं?"

तोवर मला काही कळलंच नव्हतं, असं म्हणण्यात अर्थ नाही. जेवायच्या टेबलावर त्या दुपारी माझ्या मनात ते येऊन गेलं असणार, आणि मी ते परत लोटून दिलं असणार.

"पेपरच्या दिवशी मला स्टोअररूममध्ये बसवलं," सर सांगायला लागले. "भाऊसाहेब सोता आले होते. म्हणाले, सर, शेवटचं वर्ष हाय, कॉलेजचं नाव करून जावा. तुमच्या धाकट्याच्या नोकरीची मान्यता माझ्याच टेबलावर पडलीय. आमचा धाकटा पोरगा तिथंच लॅबमध्ये लागलाय ना. मला न्हाई म्हणायची छाती झाली न्हाई. उत्तरं लिहून दिली. पण म्हणलं, ही दोन गणितं अशी लिहितो की कुठलाबी परीक्षक थांबंल. एकतीस पोरं येकच चूक करतात, आन् वर तीच चूक दाखवून देतात, आंधळ्यालाबी समजंल. चौकशी लागंल. मला बोलावतील. विचारल्यावर खोटं बोलणार नव्हतो मी. आपण होऊन सांगायची हिंमत नव्हती, पण विचारल्यावर सांगायची होती. तेवढी होती."

"आणि पोरांचं काय सर?" मला रागच आला. कुणाचा आला ते कळेना, पण आला. "एकतीस पोरांचा निकाल अडकला असता!"

"ऑक्टोबरला बसली आसती पुन्हा. सहा महिने गेले आसते. आता त्यांना वाटायलंय, परीक्षा म्हणजे असंच आसतंय. जन्मभर वाटंल."

मग त्यांनीच विचारलं, "दुसऱ्या कुणाकडं गेला आसता गठ्ठा, तर?"

"धरला असता सर."

"हां," ते म्हणाले. "मी रोज वाट बघायलो होतो. एप्रिल गेला, मे गेला. गेटापाशी जीप थांबली की वाटायचं, आले. तू माझी विद्यार्थिनी निघालीस, तिथं घोळ झाला."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते अगदी मायेनं म्हटलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून.

"अजून वेळ गेलेली नाही," मी म्हणाले. "आपण दोघं लिहून देऊ. तुम्ही लिहा, मी लिहिते. मंडळाला पाठवू."

सरांनी दाराकडं पाहिलं. अंगणात धाकटा मोटरसायकल पुसत होता, तोंडानं गाणं म्हणत.

"परवाच मान्यता आली त्याची," सर म्हणाले.

त्यावरही मला बोलता आलं असतं. एकटीनंही लिहिता आलं असतं. पण लिहायचं म्हणजे त्या ओळी कुणी खोडल्या तेही लिहावं लागलं असतं. मी चहाच्या कपबशा आत नेऊन ठेवल्या, काकूंच्या पाया पडले. सर स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत दोघांनी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. एसटी सुटताना त्यांनी खिडकीपाशी येऊन सांगितलं, "ऊन लागंल गं या बाजूला, पलीकडं बस." मी पलीकडं बसले.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा नेमणूक आली. मी नको म्हणणार होते, पण घेतली. मनाशी ठरवलं होतं की या वेळी काहीही दिसलं, कुणाचंही दिसलं, तर सोडायचं नाही.

आठव्या दिवशी तसा गठ्ठा आला. अडतीस उत्तरपत्रिका. गणितं वेगळी होती, पण अडतीस जणांनी ती त्याच पायऱ्यांनी, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी ओळ मोडून सोडवली होती. ‘पडताळा’ कुठंच नव्हता. कुठलं केंद्र ते मला कळायला काही मार्ग नव्हता. त्याच दुपारी मी गठ्ठा उचलून परभणीची गाडी धरली.

पांगरकर सरांनी या वेळी पाच नाही, पंधरा उत्तरपत्रिका पाहिल्या. सावकाश पाहिल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, यांत चूक कुठाय?"

"चूक नाही सर. तेच तर सांगतेय. सगळ्यांचं शब्दनशब्द सारखं आहे."

"बरोबर उत्तर सारखंच येणार की. चुकलेलं सारखं आलं असतं, तर मी आत्ता लिहून घेतलं असतं तुमच्याकडून. बरोबर आलंय त्याची तक्रार कशी करायची?"

"पण शब्द, सर? ओळी मोडल्यात त्यासुद्धा..."

"एकाच सरांकडं शिकली असतील," पांगरकर सर म्हणाले आणि गठ्ठा बांधून माझ्या हातात दिला. "चांगले शिक्षक असतील कुणीतरी. द्या गुण पोरांना."

मी घरी आले. टेबलावर बसले. तीनपैकी तीन, तीनपैकी तीन, असं अडतीस वेळा लिहिलं. सरांना मी हे कधी सांगितलं नाही.